लोकल बस आणि उंट : जैसलमेरहून खुरीच्या वाळवंटात, कमी खर्चात

रानवाट

दिवाळी झाली की इथे राजस्थानचे धागे वर येतात. त्यात जैसलमेर म्हटलं की सम (वाळूच्या टेकड्यांजवळचं, रिसॉर्टचं गाव), तंबू आणि पॅकेज एवढंच वाचायला मिळतं. म्हणून हा वेगळा धागा. मी आणि माझी मैत्रीण जैसलमेरहून गावकऱ्यांच्या बसने खुरीला गेलो आणि तिथून उंटावर आत. खर्च पॅकेजच्या निम्म्याहून कमी झाला. मला त्याहून मोलाचं हे वाटतं की ज्याचा उंट, त्याच्याच हातात पैसे पडले.

खुरी जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, ४५ ते ५० किलोमीटरवर. सम पश्चिमेला, साधारण ४० वर. अंतरात फार फरक नाही, पण समचा रस्ता रुंद आणि रिसॉर्टच्या पाट्यांनी भरलेला, खुरीचा रस्ता ढाण्यांमधून जाणारा. ढाणी म्हणजे तिथली वाडी, चार-सहा घरांची. खुरीच्या खासगी बस गडीसर तलावाकडच्या रस्त्यावरून सुटतात. वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच तिथल्या चहाच्या टपरीवर विचारून ठेवा. दिवसभरात बस मोजक्याच, आणि शेवटची चुकली तर जीप करण्याशिवाय इलाज नाही. तिकीट शंभराच्या आत.

बसमध्ये खाली बाकं आणि वर झोपायचे कप्पे असतात. दिवसाढवळ्या त्या कप्प्यांत शाळकरी पोरं चढून बसतात. टपावर पशुखाद्याची पोती, पत्र्याच्या पेट्या, गॅसच्या टाक्या. माझ्या शेजारी एक आजी होत्या, कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरे चुडे घातलेल्या. त्यांनी न विचारता माझी पिशवी मांडीवर घेतली आणि उतरेपर्यंत सोडली नाही. वाटेत कंडक्टरने एका खेजडीच्या झाडाखाली उभ्या असलेल्या मुलाच्या हातात औषधांची पुडी दिली, पुढे एका ढाणीवर कांद्याचं पोतं उतरवलं. थांबा असा कुठेच नव्हता, हात केला की बस थांबते. या रस्त्यावर टपाल, किराणा आणि पाहुणे सगळं त्या एका गाडीतून जातं. ज्याला वाळवंटातलं जगणं बघायचं असेल त्याने उंटाच्या आधी ही बस धरावी असं मी मनापासून सांगेन.

खुरी हे सोढा राजपुतांचं गाव. आता सिमेंटची घरं वाढली आहेत, तरी शेणामातीने सारवलेली, पांढऱ्या मांडण्यांनी, म्हणजे रांगोळीसारख्या नक्षीने, सजवलेली घरं अजून आहेत. बरीच कुटुंबं अंगणातल्या गोल झोपड्या पाहुण्यांना देतात, जेवणासकट. वाळूच्या टेकड्या, म्हणजे धोरे, गावापासून चालत जाण्याइतके जवळ.

आता उंटाचं. जैसलमेरमध्ये स्टेशनवर उतरल्यापासून सफारी विकणारे मागे लागतात. काही ठिकाणी खोली अगदी दोन-तीनशेत देतात आणि सफारी त्यांच्याकडूनच घ्यावी म्हणून धोशा लावतात. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला सांगतात. आम्हालाही सांगितली. शहरात दिलेल्या पैशातून एजंट, हॉटेल, जीपवाला असे हिस्से जात जात उंटवाल्याच्या हाती थोडेच उरतात. म्हणून शहरात काही ठरवू नका. खुरीला उतरा, चहा प्या, ज्या घरी राहाल त्यांना विचारा, आणि उंट ज्याचा आहे त्याच्याशी समोरासमोर बोला. पाणी किती, अंथरूण-पांघरूण कोणाचं, जेवण काय, माणशी एक उंट की दोघांत एक, हे सगळं आधी बोलून घ्यायचं. आम्हाला रात्रीच्या मुक्कामासकट माणशी दीड-दोन हजारांच्या मध्ये पडलं. नाताळच्या आठवड्यात जास्त पडेल. आणि एकदा मधले लोक वगळले की मग उंटवाल्याशी शे-दोनशेसाठी घासाघीस करू नका, ही कळकळीची विनंती. त्यातच उंटाचा चारा, गवार आणि गूळ आहे.

बसताना दोनच गोष्टी लक्षात ठेवा. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे तुम्ही पुढे फेकले जाता. तेव्हा मागे रेलायचं आणि पलाणाचा, म्हणजे खोगिराचा, पुढचा खुंट धरायचा. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेलायचं. पँट लांब आणि सैल हवी, जीन्सच्या शिवणी मांड्या सोलून काढतात. दर तासाला उतरून थोडं चाला. उंट चालीने तासाला चार-पाच किलोमीटर जातो, त्याच्या बरोबरीने चालता येतं.

मुक्कामाला पोचल्यावर उंटवाले काकांनी सगळ्यात आधी पलाणं उतरवली, गोधड्या झटकल्या आणि उंटांच्या पाठींवरून तळहात फिरवून बघितलं. मग पुढच्या दोन पायांत सैल दोर बांधला आणि त्यांना चरायला सोडून दिलं. त्यानंतर चूल. तीन दगड, फोगाच्या झुडपाच्या वाळक्या काटक्या, आणि बाजरीच्या भाकऱ्या. तिकडे तिला सोगरा म्हणतात, आपल्या भाकरीपेक्षा जाड. वर तूप, लसूण-लाल मिरचीची चटणी आणि केर-सांगरी, म्हणजे वाळवंटातली रानफळं आणि खेजडीच्या शेंगांची भाजी. भांडी कोरड्या वाळूने घासली, पाण्याचा थेंब न वापरता, आणि ती लख्ख झाली. सकाळी उंट दिसेनात. काका शांतपणे ठशांच्या मागे गेले आणि चहा उकळेपर्यंत दोघांनाही घेऊन आले. वाळूत इतक्या उंटांचे ठसे होते, त्यातून आपले नेमके कसे ओळखले असं विचारलं, तर म्हणाले, पायाचा ठसा म्हणजे तोंडच की.

कोणाला आणखी काही विचारायचं असेल तर विचारा. ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनीही लिहा.

पंचगंगा

ताई, फार छान लिहिलंय. आईला घेऊन जायचंय, वय ६५, गुडघे दुखतात. उंटावर बसणं जमेल का? नाहीतर ती घरीच थांबते म्हणते.

रानवाट

पंचगंगा, आईंना घरी ठेवू नका. गावात उंटगाडी मिळते. जुन्या विमानाच्या टायरांची बसकी गाडी, वर गादी टाकलेली. वाळूतही ती बऱ्यापैकी जाते. मुक्कामाच्या जागेपर्यंत गाडीने जायचं आणि वाटलं तर तिथे पाच मिनिटं उंटावर बसायचं. मात्र जमिनीवर झोपायचं असेल तर उठताना त्रास होईल, तेव्हा खाट मागून घ्या. गाडीवर टाकून आणतात.

मुळामुठा

गाड्यांचं लिहितो, कारण मुंबई-पुण्याहून लोक हेच विचारतात. वांद्रे टर्मिनसहून जोधपूरसाठी सूर्यनगरी आहे. पुण्याहून भगत की कोठीची थेट गाडी आहे. भगत की कोठी म्हणजे जोधपूरच समजा, शहरातलंच स्टेशन. तिथून जैसलमेर रेल्वेने ३०० किलोमीटरच्या आसपास. फलोदी, रामदेवरा, पोखरण करत गाडी जाते. रात्रीची गाडी घेतली तर एका मुक्कामाचा खर्च वाचतो, पण थंडीत स्लीपरच्या खिडक्यांतून वारा आणि वाळू दोन्ही आत येतात. चादर पुरत नाही, ब्लँकेट हवंच.

बसने जायचं तर राजस्थान रोडवेज आहे, खासगीही आहेत, पाच-सहा तास. भाद्रपदात रामदेवऱ्याची जत्रा असते, तेव्हा या मार्गावर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

थरकर

नमस्कार. नोकरीमुळे बरीच वर्षं जोधपुरात आहे, मूळचा अंबाजोगाईचा. धागा वाचून बरं वाटलं, काही भर घालतो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून उन्हाचा तडाखा सुरू होतो आणि मे-जूनमध्ये जायचा विचारही करू नका. याच वाटेवरच्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. उलट डिसेंबर-जानेवारीत दुपारी शर्टात फिराल आणि पहाटे पारा पाचच्या खाली असेल. वाळू जशी झपाट्याने तापते तशीच निवते. त्यामुळे कानटोपी आणि लोकरीचे मोजे न्या, आणि अंगाखाली दोन गोधड्या मागा. गारठा वरून जितका लागतो त्याहून जास्त खालून लागतो.

दुसरं म्हणजे हाच काळ उंटांच्या माजाचा. नर उंट दात खातात, तोंडातून फेस काढतात, आणि घशातून गुलाबी फुगा बाहेर येऊन गुळगुळ आवाज होतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. असा उंट दिसला तर त्याच्या तोंडाजवळ जाऊ नका, कौतुकाने हात लावायला तर मुळीच नको. चावा जबर असतो. मालकाला स्पष्ट विचारा, शांत उंट कोणता. तो बरोबर देतो.

बोलताना नावापुढे किंवा नात्यापुढे 'सा' लावायची पद्धत आहे, काकासा, भाभीसा. कोणी खम्मा घणी (म्हणजे नमस्कार) म्हटलं तर हात जोडून तेच म्हणा. एवढ्याने घरची दारं उघडतात.

अनिकेत७७

मी थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही दोन लहान मुलांना घेऊन समला गेलो होतो. तंबूत गरम पाणी, स्वच्छ संडास, रात्री गाणी. मुलं खूश होती. सगळ्यांना लोकल बस आणि उघड्यावर झोपणं झेपत नाही. समला जाणाऱ्यांना वाळवंट कळलंच नाही असं म्हणणं मला पटत नाही.

रानवाट

अनिकेत, तसं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. लहान मुलं असताना गरम पाण्याला किंमत असतेच. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. धोऱ्यांवर जीप आणि चारचाकी मोटारबाइक्स दामटणं, आणि मोठ्या आवाजातले स्पीकर. सकाळी त्याच वाळूत पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं अर्धवट पुरलेली दिसतात. उंट आणि गाई ती खातात. समला राहूनही जीपऐवजी उंट घेता येतो आणि आपला कचरा पिशवीत भरून शहरात परत आणता येतो.

थरकर

समच्या गाण्यांबद्दल मला बोलायचंय. तिथे संध्याकाळी गाणारे बहुतेक मांगणियार किंवा लंगा समाजाचे असतात. पिढ्यानपिढ्या यजमानांच्या घरी लग्नाला, बारशाला गाणारी ही माणसं. मांगणियारांचं कमायचा हे वाद्य जवळून बघा. आंब्याच्या लाकडाचा मोठा गोल पोटाचा भाग, त्यावर बकरीचं कातडं, आणि तो खोल, घुमणारा आवाज. जैसलमेरजवळच्या हमीरा गावचे साकर खाँ यांना कमायचावादनासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. तंबूंच्या कार्यक्रमात त्यांना सिनेमातली गाणी वाजवायला लावतात, कारण पाहुण्यांची तीच फर्माईश असते. तुम्ही गेलात तर मुद्दाम सांगा, तुमचं घरचं गाणं म्हणा. मांड, म्हणजे तिकडची पारंपरिक गायकी, ऐकवा म्हणा. त्यांचे डोळे चमकतात, आणि बक्षिसी थेट त्यांच्या हातात द्या. कमी पैशांत फिरणं म्हणजे कलाकाराला कमी देणं होऊ नये, एवढंच.

रानवाट

थरकर, अगदी. शंभर टक्के.

वेदवती

उंटावर बसणं हा त्या मुक्या जनावरावर अन्याय नाही का? नाकात वेसण, ऊन, पाठीवर ओझं. मला प्रामाणिकपणे प्रश्न पडतो. मी हत्तीवर बसणं सोडलंय.

रानवाट

वेदवती, प्रश्न योग्यच आहे आणि मी जायच्या आधी यावर पुष्कळ वाचलं.

उंट निवडताना पलाण चढवण्याच्या आधी त्याला बघायला मागा. पाठीवर, कुबडाच्या बाजूंना आणि छातीच्या घट्ट्यावर जखम आहे का, नाकातल्या खुंटीजवळ रक्त किंवा पू आहे का, कुबड ताठ आहे की एका बाजूला लोळलेलं. जखम दिसली की नको म्हणा आणि का ते सांगा. दोघांना एका उंटावर बसवत असतील तर नकार द्या. दुपारच्या उन्हात चालायचा आग्रह धरू नका.

पण उंट वापरूच नये, हे मला पटत नाही. पशुगणनेप्रमाणे राजस्थानात २०१२ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास उंट होते, २०१९ मध्ये सव्वादोन लाखांच्याही खाली आले. शेतात ट्रॅक्टर आला, मालासाठी पिकअप आली, उंटाला काम उरलं नाही. २०१४ मध्ये राज्याने उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये कत्तल आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. हेतू चांगलाच होता. पण नर उंटाला बाहेरचं गिऱ्हाईक मिळेनासं झालं, भाव पडले, आणि राईका-रेबारी पशुपालकांनी कळप कमी केले. चराईच्या जागाही आक्रसतायत. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे पिढ्यानपिढ्या उंट चरले. आता अशा बऱ्याच जमिनींच्या आसपास सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प येतायत, कुंपणं पडतायत. ज्या उंटाला काम नाही तो कोण पोसणार? आमच्या काकांकडे पूर्वी मोठा कळप होता, आता तीनच उरलेत, आणि तेही पाहुणे येतात म्हणून. मुलगा गुजरातेत कारखान्यात गेलाय. पाहुणे थेट आले तर तो परत येईल, असं ते दोनदा म्हणाले.

वेदवती

हे मला माहीत नव्हतं. चरायच्या जमिनीचा मुद्दा तर कधी वाचलाच नव्हता. बसायचं की नुसतं सोबत चालायचं ते तिथे जाऊन ठरवेन. सामान उंटावर आणि मी पायी, असं करता येईल ना?

रानवाट

नक्की येईल. पैसे उंटाचे पूर्ण द्या, चाला हवं तितकं. काकांनाही सोबत चालणारा पाहुणा आवडतो, गप्पा होतात.

नान्नजकर

सोलापूरचा पक्षीप्रेमी. नान्नजला माळढोक बघायला लहानपणापासून जात आलो, आता तिथे दिसणं दुरापास्त झालंय. तोच पक्षी तिकडे गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी. खुरी आणि सम दोन्ही मरु राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतात, ३१६२ चौरस किलोमीटरचा मुलूख. जगात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास धरले जातात आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात.

या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात. अंगाने जड, त्यामुळे उडताना विजेची तार ऐनवेळी दिसून वळताही येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. समला आणि रामदेवऱ्याला प्रजनन केंद्रं आहेत, तिथे पिल्लं वाढवली जातायत, हा मोठाच दिलासा. पण ती केंद्रं पर्यटकांसाठी नाहीत, आत जायचा हट्ट करू नका.

पक्षी बघायचा तर उद्यानातल्या सुदासरी भागात वनखात्याची परवानगी घेऊन, पहाटे, मातकट रंगाचे कपडे घालून. गवताळ पट्ट्यात उंटवाल्याला शॉर्टकट मारायला सांगू नका. माळढोक जमिनीवर एकच अंडं घालतो.

एकटीच

बाई एकटी असेल तर? सरळ उत्तर द्या, उगीच धीर नको.

रानवाट

सरळच सांगते. बसने एकटीने जाणं मला अजिबात अवघड वाटत नाही, बायका लगेच शेजारी जागा करून देतात. पण रात्री धोऱ्यावर एकटी, अनोळखी पुरुषासोबत, हे मी करणार नाही आणि कोणाला सांगणारही नाही. जिथे घरात बायका-मुलं आहेत अशा घरी राहा, संध्याकाळी दोन-तीन तासांची फेरी करा आणि अंधार पडताना घरी परत या. मुक्कामच करायचा असेल तर त्या घरी उतरलेल्या दुसऱ्या पाहुण्यांसोबत गट करा. खर्चही वाटला जातो. शहरात सोबत फिरतो म्हणणाऱ्या अनोळखी मुलांना सुरुवातीलाच स्पष्ट नाही म्हणा. आणि धोऱ्यांत मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून कुठे आहात ते निघायच्या आधीच घरी कळवून ठेवा.

कोकणीमाणूस

साप-विंचवाचं काय? आमच्याकडे फुरसं म्हटलं की अंगावर काटा येतो.

थरकर

फुरसं इथेही आहे, वाळूतलं. वाळूच्या रंगात मिसळून जातं. पण कडाक्याच्या थंडीत साप फारसे बाहेर पडत नाहीत, आणि तुम्ही जाणार थंडीतच. तरी सकाळी बूट झटकून घाला, अंथरूण झुडपाला चिकटून टाकू नका आणि रात्री उठलात तर विजेरी लावा. पीवणा नावाचा साप झोपलेल्या माणसाचा श्वास पितो असं इथे सगळे सांगतात. तो मण्यारीच्या जातीचा साप. त्याचा दंश रात्री झोपेत कळत नाही, म्हणून ही समजूत पडली असावी. खाट मिळत असेल तर खाटेवर झोपा. काही झालंच तर भोपा-भगताकडे (मांत्रिकाकडे) न जाता थेट जैसलमेरचं सरकारी रुग्णालय.

सैनिकाचीलेक

वडील १९७१ ला याच भागात होते. सीमेजवळच्या तनोटला रोडवेजने जाता येतं का? गाडी करून जायचं बजेट नाही.

मुळामुठा

येतं. जैसलमेरहून तनोटला रोडवेजची बस आहे, अंतर १२० किलोमीटरच्या आसपास. दुपारनंतर जाते आणि मुक्काम करून सकाळी परत येते, म्हणून रात्र तिथेच काढावी लागते. तनोटमातेचं मंदिर सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात, पूजा-आरतीही तेच करतात. धर्मशाळेची सोय आहे, पण निघण्याआधी चौकशी करा. ६५ च्या युद्धात मंदिराच्या आवारात पडूनही न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेले आहेत. १९७१ च्या लढाईचं लोंगेवाला त्याच बाजूला, पण बसने दोन्ही एका फेरीत जमत नाही. तनोटहून कोणाच्या गाडीत जागा मिळाली तरच. ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा. तनोटच्या पुढे सीमेच्या खांबापर्यंत जायला वेगळी परवानगी लागते.

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

सैनिकाचीलेक

धन्यवाद. ते आता नाहीत, पण आईला घेऊन जाणार आहे. आरतीची वेळ गाठायची आहे.

पंचगंगा

आमचं ठरलं! माघी पौर्णिमेच्या आधीचे दिवस बघतोय, तेव्हा जैसलमेरचा मरू महोत्सवही असतो म्हणे. आणि एक विचारायचं राहिलं, मुक्कामाला संडासचं काय?

रानवाट

महोत्सव चांगला असतो, पण तेव्हा शहरात खोल्या महाग आणि समला तुफान गर्दी. आईंसाठी आधीचा आठवडा बरा. तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या आसपास जा. मृग, व्याध, कृत्तिका नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतात. पौर्णिमेला चांदण्या कमी, पण वाळूवर चालायला बॅटरी लागत नाही.

संडास धोऱ्यावर नाही. गावातल्या घरी आहे, बऱ्याच ठिकाणी आता पक्का बांधलेला. आईंसाठी माझा सल्ला, रात्री जेवण आणि गाणी धोऱ्यावर करा आणि झोपायला उंटगाडीने गावातल्या घरी परत या. हे आधीच ठरवून घ्या म्हणजे गाडीवान थांबतो, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील. पाण्याचे मोठे कॅन जैसलमेरहूनच घेऊन बसमध्ये टाका, माणशी चार लिटर तरी. खुरीत मिळतं, पण त्या गावाने पाऊस टाक्यात साठवून पिढ्या काढल्यात, आपण आपलं नेलेलं बरं. आणि जैसलमेरच्या किल्ल्याच्या आत खोली घेऊ नका. सांडपाणी मुरून पाया खचतोय, बुरूज ढासळलेत. गडीसरच्या बाजूला बघा, तिथून सकाळची बसही जवळ पडते.